पट्ट्यांचे उद्घाटन

आमची मुलींची शाळा धुळ्यात आग्रा रोडला लागून होती. मालट्रका अशा जात की वर्गाच्या खिडक्या खडखडत. शाळा सुटली की आमची शिपाईण अक्का रस्त्याच्या मधोमध हात आडवा धरून उभी राहायची आणि पोरींना पलीकडे घालवायची. साठीला टेकलेली बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू.

गावातल्या प्रतिष्ठितांना याची लाज वाटायला हवी होती. त्यांना हौस वाटली. वाहतूक सुधारणा समिती निघाली. अध्यक्ष एक कापसाच्या जिनवाले शेठ. ते मुंबईच्या रस्त्यांवरचे पांढरे पट्टे पाहून आले होते. वर्षभर सभा झाल्या आणि नमनालाच घडाभर तेल जळाले. अध्यक्षांच्या खुर्चीवर गादी असावी की नसावी, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. मी शाळेतली शिक्षिका, माझे अक्षर बरे, म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवत. मीही ऐटीत बसत असे.

अखेर शाळेसमोर पट्टे मारले गेले. मला खरोखर आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पाहते तर रस्त्याच्या कडेला, पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना खांब रोवून फीत बांधलेली! ती मंत्रीसाहेब कापणार होते, आणि त्यांची तारीख मिळायची होती. तोवर पट्टे कोरे राहायला हवेत, कुणी पाय ठेवायचा नाही. राखायला शेठजींच्या जिनचा माणूस स्टुलावर बसवलेला. अक्का पोरींना घेऊन गेली तर त्याने काठी आडवी केली.

"आजून उद्घाटन व्हयनं नही, अक्का. तिकडथीन जाय."

खांब दिसले की ड्रायव्हर वेग कमी करत आणि पुढे गेल्यावर भरून काढत. पोरींना ओलांडावे लागे ते नेमके तिथेच. अक्का माझ्याकडे आली. "हाई फीत सोडी टाका ना, बाई."

मी म्हणाले, "चार दिवस कळ काढा, अक्का. समारंभ नीटनेटका व्हायला हवा."

तिसऱ्या दिवशी ट्रकने अक्काला उडवले. शेवटच्या पोरीला तिने पुढे ढकलले होते. पोरीला खरचटलेही नाही. अक्काच्या मांडीचे हाड मोडले. इस्पितळात शुद्धीवर येताच तिने सगळ्या पोरींची चौकशी केली, "बठ्ठ्या पोरी घर गयात ना?"

संध्याकाळी समिती हार घेऊन आली. शेठजी म्हणाले, "मंत्रीसाहेब राहू देत. या बऱ्या झाल्या की यांच्याच हस्ते फीत कापू. पेपरात छान येईल. तोवर बांधलेली असू द्या." सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

सकाळी मी शिवणवर्गातली कात्री घेतली आणि दोन्हीकडची फीत कापली. राखणदार उठलासुद्धा नाही. समितीने खुलासा मागितला, मी दिला नाही.

बाईंनी काय हिंमत दाखवली, असे अजून कुणी कुणी कौतुकाने म्हणते. कसली डोंबलाची हिंमत! अर्ध्या मिनिटाचे काम. अक्का त्यानंतर कधी सरळ चालली नाही. कात्री शाळेच्या कपाटातच होती आणि किल्ली माझ्या कमरेला, अक्का विनवत होती त्या दिवशीही.