रद्द झालेला फटका

आमच्या कामितानी गावात कुसाका तोमेजी लाकडी पिंपं बांधत. देवदाराच्या फळ्या, वेळूचे पट्टे, खिळा एकही नाही. मी सोयाबीनच्या दुधाचा टोफू करून विकते, तोही त्यांच्याच पिंपात भिजे. पण सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे ते पिंपांसाठी नव्हे. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते आम्हाला सभागृहात वेळूची तलवार शिकवत.

आधी बैठक. गुडघे दुमडून बसायचं, तळहात मांडीत एकावर एक, डोळे मिटलेले. ओळीत गुरुजी सर्वांत वर, नवखा खाली दाराशी, जिथे डोंगराचा वारा पाठीत घुसतो.

"मारायचं काय एवढं?" ते म्हणत. "माशीसुद्धा कोणीही मारतं. मारल्यावर मन कुठे उडतं ते बघा."

आमच्या खेळात फटका बसल्यावर आनंद दिसला तर फटका धरत नाहीत. प्रतिस्पर्धी अजून समोरच आहे, असं समजून स्थिर उभं राहायचं.

त्या शरदात नाकाओ गावाशी सामना होता. नऊ वर्षं आम्ही त्यांच्याकडून हरत आलो होतो. सगळं बरोबरीत येऊन शेवटची जोडी उरली. आमचे गुरुजी आणि त्यांचे मात्सुने, दोघेही साठीचे. कितीतरी वेळ तलवारींची टोकं एकमेकांना चाचपत राहिली. मग गुरुजी असे झेपावले की मला फक्त आवाज कळला. फटका मात्सुनेंच्या शिरस्त्राणावर मधोमध बसला होता. तिन्ही पंचांचे झेंडे वर गेले.

आणि गुरुजींची डावी मूठ तलवारीवरून सुटून हवेत गेली.

एवढीशीच. छातीच्याही वर नाही. मीही कडेने किंचाळले, खरं तर टाळीपलीकडे काही करायचं नसतं. पंच एकत्र येऊन कुजबुजले. मुख्य पंचाने हातातले दोन्ही झेंडे खाली धरून हलवले. फटका रद्द. पुढच्याच क्षणी मात्सुनेंनी गुरुजींचं मनगट टिपलं, आणि नंतर मात्सुने पुतळ्यासारखे उभे राहिले. आम्ही पुन्हा हरलो.

 परतताना ट्रकमध्ये पोस्टमन एइगो म्हणाला, "मूठ झकास होती हो गुरुजी. उत्सवातल्या ढोलवाल्याला शोभली असती."

कोणी हसलं नाही. एइगोला तो हक्क होता. दोन वर्षांपूर्वी जिंकल्यावर त्याने एक उडी मारली, म्हणून गुरुजींनी त्याला तीन महिने दाराशी बसवलं होतं. आम्ही तोंड उघडलं नव्हतं. मी तर नाहीच. मी त्याच्यामुळे एक जागा वर सरकले होते.

पुढच्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा गुरुजी दाराशी बसले होते.

"एइगो, वर बस."

"मी? अहो, पायाला मुंग्या आल्या की मी डोळे उघडतो!"

"उघडतोस ते सगळ्यांना दिसतं. माझं दिसत नव्हतं." गुरुजी जमिनीकडे बघत बोलत होते. "नऊ वर्षं मी डोळे मिटले की मला मात्सुने पडलेला दिसायचा. रोज. तुम्हाला मन रिकामं करा म्हणायचो, आणि मी तिथे बसून त्याला पाडत असायचो."

एइगो वर जाऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते. त्या दिवशी माझ्याने डोळे मिटवेनात. गुरुजींच्या पाठीवर वारा येत होता, आणि माझ्याशी जागा बदलून घ्या म्हणायची माझी हिंमत होत नव्हती.

तीन महिने झाले. बर्फ पडून गेलं. ते सगळ्यांच्या आधी येऊन फरशी पुसत. एका संध्याकाळी बैठक संपल्यावर एइगो वरून उठून दाराशी गेला.

"गुरुजी, माझी शिक्षाही एवढीच होती. आता वर चला. मला वर बसून शिंकसुद्धा देता येत नाही."

"आज मात्सुने दिसला नाही," गुरुजी हळूच म्हणाले. "दोन श्वास. पूर्ण दोन."

"मग झालं की!"

"नाही रे. तिसऱ्या श्वासाला मला वाटलं, वा तोमेजी, जमलं." त्यांनी मान खाली घातली. म्हातारा माणूस गळ्यापर्यंत लाल झालेला मी पहिल्यांदा पाहिला. "जा, वर बस."