धाकट्या जावेची पिशवी

हे मी आजवर कुणापुढं बोललेली नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी मागून घरी आले. तुमची-माझी ओळख ना पाळख, तरी जवळचं माणूस समजून सांगते. मधेच थांबवू नका — थांबले तर परत तोंड उघडायचं नाही माझं.

आधी मला माझा राग सांगू द्या. लई राग आहे हो. इतकी वर्षं झाली, तरी पाण्याचा टँकर दिसला की डोकं भणाणतं.

आमचं गाव नांदूरघाटाच्या अलीकडं. दुष्काळ पडलेला, विहिरींना तळ दिसत होता, गुरं चारा छावणीत बांधलेली. बायांची दूध संस्था होती, मी तिची संचालक. दूध घटलं होतं, पण संस्था जिवंत होती, आणि संस्थेच्या खोलीत बायांची तपासणी ठेवायची ही कल्पना माझीच. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी. बाया लाजायच्या. 'लाजायला काय झालं गं, लेकरं झाली तेव्हा कुठं होती लाज?' असं म्हणत एकेकीला मी घरातून ओढून आणलं. सगळ्यांत पुढं मी. आणि खोट निघाली ती माझ्यातच!

काही दिवसांनी सिस्टर आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाकी समद्यांचं चांगलं हाय, तूच सांगून टाक त्यांना. तुझ्या पेशींत मात्र जरा बदल दिसतोय. कॅन्सर न्हाई, घाबरू नको. पन अंबाजोगाईला जाऊन नीट बघून घे." मी विचारलं, कशानं झालं असं? त्या म्हणाल्या, एका संसर्गानं होतं हे, लई बायांना होतो तो, नवऱ्याकडूनही येतो, कधीचा असेल सांगता येत नाही. इतकं नीट सांगितलं त्या माउलीनं. मी त्यातला 'कॅन्सर' तेवढा ऐकला.

आमच्या घरातल्या कुणाला तरी अंबाजोगाईला बोलावलंय, एवढं मात्र गावात फुटलं. दुसऱ्या दिवशी टँकरपाशी बायांनी मला घेरलंच. कुणाला बोलावलं गं? काय निघालं? आणि एकजण तर घागर भरता भरता म्हणाली, "नीट नांदणाऱ्या बाईला कसा हुईल बया असला आजार?"

अगं भवाने! माझा नवरा कारखान्याच्या ऊसगाडीवर ड्रायव्हर, हंगामभर बाहेर. तो कुठं जेवतो, कुठं झोपतो, हे विचारलं का तुमच्यातल्या एकीनं तरी? पुरुषाला कुणी एक शब्द विचारत नाही, आणि बाईची मात्र अंगातली पेशीसुद्धा चव्हाट्यावर! मला वाटलं, घागर घालावी तिच्या डोक्यात.

घातली का? नाही. असं ओरडून सांगितलं का, की हो, मला बोलावलंय, मी काही पाप केलेलं नाही? तेही नाही. संस्थेची निवडणूक तोंडावर आलेली, चेअरमनपदासाठी माझं नाव चाललेलं. मी म्हणाले —

"मला न्हाई गं. आमच्या कलीला बोलावलंय. मी आपली सोबतीला जानार."

कली म्हणजे कलावती, माझी धाकटी जाऊ. एक मुलगी पदरात, दुसऱ्या लेकराची वाट बघत होती. तिची तपासणी स्वच्छ होती. तिला तसं सांगायचं काम माझ्याकडंच होतं — आणि मी सांगितलं काय, तर तुझ्यात खोट निघालीय, चल माझ्याबरोबर.

ती आली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात 'तुझे कागद दाखवून येते' म्हणून मी आत गेले; ती बाहेर बाकड्यावर बसून राहिली, आणि आत तपासलं मला, उपचार झाला माझ्यावर. बाहेर आले तर तिचा चेहरा पांढराफटक. "अक्का, माझं काय म्हनले?" मी म्हणाले, गोळ्या दिल्यात, बरं होईल. ताकदीच्या गोळ्या घेऊन दिल्या तिला. वाटलं होतं, महिन्याभरानं म्हणू की झाली बरी, आणि मिटलं.

मिटतंय कशाचं! सासूनं दिराच्या डोक्यात भरवलं, रोग वाढायच्या आत पिशवीच काढून टाक. आमच्याकडं पिशवी काढणं म्हणजे दात काढल्यासारखं झालंय. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या काढल्यात, दर महिन्याला पाळीपायी कामाचा खाडा नको म्हणून. एका खासगी दवाखान्यात नेलं तिला. तिथला डॉक्टर पोट दाबून म्हणाला, काढा, नाहीतर कॅन्सर होणार. यंत्र नाही, तपासणी नाही, नुसता हात लावून! माणूस म्हणायचं का याला? आजही तो समोर आला तर मी त्याची गचांडी धरीन.

पण मला सांगा, त्याच्या दारापर्यंत तिला नेलं कुणी?

ऑपरेशनला नेण्याच्या दिवशी सकाळी जीप अंगणात उभी होती. कली आत बसलेली. मी जवळ गेले तर माझा हात धरून हळूच म्हणाली, "अक्का, काढल्यावर परत लेकरू न्हाई ना व्हायचं?"

एक वाक्य होतं. उतर खाली, तू ठणठणीत हायेस, रोग माझा हाय. एवढंच. जिभेवर आलं होतं ते — नाही, खोटं कशाला बोलू आता? जिभेवर आलंच नव्हतं. मी तिचा पदर नीट केला आणि म्हणाले, "जिवापेक्षा लेकरू मोठं हाय का?"

पिशवी काढली. मी चेअरमन झाले, बिनविरोध.

मी घाबरले होते, हे खरं. पण ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती, आणि तिच्या भीतीला काही कारणच नव्हतं. ते मीच तिला दिलं. ती आता माझ्या आधी म्हातारी दिसते. कंबर धरून उठते, हिवाळ्यात अंगाची आग आग होते म्हणून ओट्यावर येऊन बसते. भाकरी मात्र अजून पहिली माझ्याच ताटात वाढते.

मागच्या वर्षी आम्ही परत तपासणी ठेवली. पोरी-सुना मागंच सरकत होत्या. तेव्हा कली न बोलावता उठली. कधी चारचौघांत तोंड न उघडलेली बाई, पण माईक घेऊन बोलली, "भिऊ नका. माझ्यात रोग निघाला होता. आमच्या अक्कानं धरून नेलं, म्हनून मी आज जित्ती हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.