पाच लिटरला तीन पेले

आमच्या घरात दोन तेलकट डबे होते, आणि त्या डब्यांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी सासूबाईंवरूनसुद्धा झाली नसतील. एक डबा स्कूटरचा, दुसरा होडीच्या मोटारीचा. दोन्हींत पेट्रोल आणि त्यात कालवलेलं तेल. फरक होता तो मापाचा. स्कूटरला पाच लिटरमागे तेलाचा एक पेला, होडीच्या मोटारीला तीन. होडीच्या डब्याच्या कडीला मी जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधून ठेवली होती, कारण पुरुषांच्या लक्षात राहण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही दापोडीत, रेल्वेलाइन आणि नदी यांच्या मधल्या गल्लीत राहायचो. हे पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते. लष्करी भंगाराच्या लिलावातून त्यांनी ती मोटार उचलून आणली, तेव्हा ती आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीची असणार हे बघूनच कळत होतं. होडीच्या मागच्या फळीला ती अडकवायची, दोरी ओढायची आणि देवाचं नाव घ्यायचं. सुट्टीच्या दिवशी हे पलीकडच्या मळ्यातली भाजी अलीकडे आणून द्यायचे. विकणाऱ्याने बजावलं होतं, मशीन जुनं आहे, आतून झिजलंय, त्याला तेल कमी पडू देऊ नका. तेल जास्त म्हणजे धूरही जास्त.

मला तो धूर आवडायचा. हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. हे पलीकडे निघाले की मी घाटावर उभी राहायचे. पाण्यावरून निळसर धूर जाताना दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा. धूर आहे म्हणजे तेल आहे, तेल आहे म्हणजे मोटार चालणार. कारण खाली जवळच बंधारा होता. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी कोसळायचं त्याचा आवाज माझ्या चुलीपाशी यायचा. मोटार भर पाण्यात बंद पडली तर होडी तिथेच जाणार, हे मी भाकऱ्या थापताना, भांडी घासताना, सदानकदा डोळ्यांपुढे बघत असे.

ह्यांना मात्र धुराचा भारी राग. प्लग काळा पडायचा, मळेवाले खोकत उतरायचे. कंपनीतले दोस्त चेष्टा करायचे, "राव, स्कूटर एका पेल्यावर पळती, तुझ्या होडीला कशाला तेलानं अंघोळ?"

"कमी तेलावर मशीन गोड चालतं," हे मला सांगायचे.

"गोड चालंल आन मग धरून बसंल," मी म्हणायचे. मशीनमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तेल कमी पडलं की भजी कढईला धरतात, एवढं कळत होतं.

माझी नणंद, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, नदीपलीकडच्या मळ्यातच दिलेली. त्या पावसाळ्यात तिचे दिवस भरत आले होते. माहेरी आणायचं ठरलंच होतं, पण पाऊस थांबेना. एका दुपारी हे पहिल्या शिफ्टवरून येऊन हातपाय धूत होते, तोच मळ्यातला एक गडी चिखलाने भरलेला दारात आला. तो लांबच्या पुलावरून चालत आला होता.

"आमच्या वहिनीच्या पोटात दुखाया लागलंय. सुईण म्हणती, पोर आडवं हाय, दवाखान्यात न्या. बैलगाडी रस्त्यातच रुतली."

हे न जेवता उठले, पडवीतला डबा उचलला आणि गड्याला घेऊन घाटाकडे पळाले. मी शेजारच्या मुलाला रिक्षा बघायला पिटाळलं, जुनी लुगडी काढली, सासूबाईंना देवापाशी बसवलं. मग गोधडी घ्यायला पडवीत आले, तर लाल चिंधीचा डबा कोपऱ्यात तसाच भरलेला. गेला होता तो स्कूटरचा.

तो डबा उचलून मी धावत सुटले. गल्लीतल्या बायका हाका मारत होत्या, मी कुणाला उत्तर दिलं नाही. घाटावर पोचले तोवर होडी पलीकडच्या काठाला लागली होती. पाण्यावर धुराचा मागमूस नव्हता. पूर उतरला होता, पण पाण्याला ओढ जबरदस्त होती, लाकडाचे ओंडके बघता बघता बंधाऱ्याकडे निघून जात होते.

पलीकडे नणंदेला बाजेवरून उतरवून होडीत निजवताना दिसत होतं. मी ओरडले. पाण्याच्या आवाजापुढे माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. मग मी डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि हलवत राहिले. हे मोटारीच्या दोरीला हात घालून वाकले होते. त्यांनी वर बघितलं.

ते तसेच थांबले. मला वाटलं, आता हात उडवतील आणि दोरी ओढतील. घरात नेहमी तेच करायचे. पण त्यांनी मोटार पाण्याबाहेर उचलून आडवी केली. मग नणंदेचा नवरा आणि गडी काठावर उतरले आणि दोराने होडी प्रवाहाच्या उलट वर ओढू लागले. बरंच वर नेऊन मग वल्ह्यांनी तिरकं यायचं, म्हणजे ओढीनेसुद्धा होडी घाटालाच लागेल, असा तो हिशेब होता.

तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. आता भीतीने दुसरी बाजू धरली. मशीन चाललं असतं तर? मी मधे आले नसते तर ही बाई एव्हाना रिक्षात बसली नसती का? पोराला काही झालं तर ह्या डब्याचं मी काय करू? होडी चिखलातून रखडत होती, झुडपांत अडकत होती. मी देवाला नाही, त्या दोघांच्या हातांना विनवत होते.

होडी घाटाला लागली तेव्हा नणंदेच्या ओठांतून रक्त येत होतं, इतके तिने ते चावले होते. तिला रिक्षात घातल्यावर मी ह्यांना विचारलं, "डबा चुकून नेला का?"

"चुकून न्हाई. एवढ्या कळा येत होत्या तिला, त्यात तो धूर कशाला, म्हटलं."

"मग थांबला का?"

"एकटा असतो तर आलो असतो," हे म्हणाले, आणि रिक्षात पुढे बसले.

पोर दवाखान्यात झालं, मोठ्या कष्टाने, पण झालं. मुलगी. नणंद तिला घेऊन आमच्याकडे बाळंतपणाला आली आणि घर दूध-शेपूच्या वासाने भरलं. ह्यांच्या मनात मात्र ती गोष्ट सलत होती. एका रविवारी त्यांनी अंगणात पिंप पाण्याने भरलं आणि मोटार त्याच्या काठाला अडकवली. टाकीत त्या दिवशीचंच पेट्रोल होतं.

"उगाच घाबरलीस ते दाखवतो," म्हणाले.

नणंद दाराशी येऊन बसली. बाळ माझ्याकडे होतं. ह्यांनी दोरी ओढली आणि मोटार सुरू झाली. काय गोड चालत होती! धूर नाही, खोकणं नाही, पिंपातलं पाणी नुसतं उसळत होतं. ह्यांनी वेग वाढवला आणि माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. चुकले असते तर मला बरंच वाटलं असतं.

मग आवाज बारीक झाला, ताणल्यासारखा चढला आणि खर्र करून थांबला. ह्यांनी दोरी ओढली. दोरी जागची हलेना. पाय लावून ओढली तरी हलेना. मशीन आतून धरलं होतं.

"दादा," नणंद म्हणाली, "एवढ्या वेळात आपली होडी कुठवर आली असती रं?"

हे हातातली दोरी तशीच धरून पिंपाकडे बघत राहिले. मी उठले आणि बाळ नणंदेच्या मांडीवर ठेवलं. मग ह्यांच्या हातातली दोरी सोडवून घेतली.