बेस गिटार आणि भिंतीवरची काच

आमचा चौघांचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड होता. पोटासाठी सगळे नवा रायपुरातल्या ऑफिसांत, आणि सुट्टीच्या दिवशी वाजवायचं. तेव्हा आम्ही आठ मिनिटांची एक रचना बसवत होतो. शब्द नाहीत, गाणारा नाही. माझी बेस गिटार पुढे चालते आणि बाकीचे तिच्या मागे. घरी सराव करताना मी सगळ्यात जाड तार छेडली, की स्वयंपाकघरातले डबे थरथरायचे. आतून आई ओरडायची, "काय वाजवून राहिला रे! कोणाची मयत निघाली काय?" खुब्याच्या ऑपरेशननंतर ती महिनाभर पलंगावरच होती.

तिच्या उशामागच्या भिंतीत भेग दिसली ती त्याच दिवसांत. समता कॉलनीतल्या आमच्या घराला लागून दवाखान्याच्या तळघराचं खोदकाम चालू होतं. बाबा सरकारी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवली, बाजूला तारीख टाकली. काच शाबूत तर भिंत जागेवर. तडकली तर भिंत हलून राहिली.

दोन दिवसांत काच तडकली.

"तुझ्या त्या धडधडीनं," बाबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. बाजूला जेसीबी अख्खी जमीन पोखरून राहिला, आणि दोष माझ्या चार तारांना? "त्या खड्ड्यावाल्याले काहून नाही बोलत तुम्ही?"

"आठ दिवस वाजवू नको," एवढंच बोलून त्यांनी नवी पट्टी लावली.

मी गिटार पेटीत घातली ती रागानंच. खरं सांगतो, मला त्यांना खोटं पाडायचं होतं. पुन्हा काच तडकावी आणि बाबा तोंडावर आपटावेत, असं मी रोज मनात म्हणत होतो. भिंत आईच्या उशाशी आहे, हे माहीत असून. लाज वाटते आता.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा पट्टीसमोर उभे होते. काच मधोमध तुटलेली, आणि दोन तुकड्यांमध्ये माझं नख जाईल एवढी फट. आई बशीत चहा ओतून फुंकत होती. बाबांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"काल मी बाजारात गेलो तेव्हा वाजवलं ना तू?"

"नाही."

"थोडं तरी वाजवलं असशील." त्यांनी माझा शर्ट धरला. "हव म्हण ना, बेटा. मी नाही रागावत."

जन्मभर लोकांच्या भिंती तपासलेला हा माणूस. वाजवलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटलं.

"नाही वाजवलं, बाबा."

त्यांनी शर्ट सोडला. आत जाऊन आम्ही दोघांनी पलंग सरकवायला घेतला, तशी आईच्या बशीतला चहा सांडला.

"अरे, काहून?" ती विचारत होती. "कुठं नेऊन राहिले मले?"