नदीवरच्या चार पायऱ्या

स्वतःचं पुस्तक स्वतः छापण्यात एक मोठी सोय असते. लेखिकेचं आणि प्रकाशकाचं भांडण झालंच, तर ते घरातल्या घरात मिटतं. माझ्या बाबतीत मात्र ते मिटलं नाही. गेल्या दसऱ्यानंतर पुस्तकाचे गठ्ठे लोणावळ्याच्या माझ्या दोन खोल्यांत येऊन पडले, आणि त्यातल्या एका प्रकरणापायी धाकट्या भावाला कायमची मुकते की काय अशी धास्ती मला लागली. आम्ही दोघंच आहोत. तो तुटला तर मला गाव उरत नाही.

पुस्तक आमच्या नदीवर आहे. माझा जन्म आंदर मावळातल्या एका गावातला, नोकरी सगळी रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेली. त्या खिडकीने मला दोन गोष्टी दिल्या, पाठदुखी आणि फटकळ जीभ. निवृत्त झाल्यावर वेळ खायला उठला तेव्हा लहानपणची मासेमारी लिहून काढली. पुण्यातल्या प्रकाशकांनी ती गोड शब्दांत परत पाठवली. एकाने तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत. म्हटलं, गेलात उडत. घोरावाडी स्टेशनापासून जवळच एक छापखाना आहे. तिथे लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तकं, दुकानांची पावतीपुस्तकं निघतात. मालक म्हणाला, पुस्तक म्हणजे तरी काय, जरा जाड पत्रिकाच. मुद्रितं मी तपासली, मुखपृष्ठाचा फोटो मी काढला, आणि सवयीने त्याने पहिल्या पानावर गणपती टाकला होता तो मी राहू दिला.

ज्या प्रकरणाने माझी झोप उडवली ते घाटावर आहे. लोणावळ्याचा घाट नव्हे, आमच्या गावच्या नदीवर सरकारने बांधलेला घाट. आमचं घर नदीच्या वळणावर आहे आणि घराखाली एक डोह होता. वाम, मरळ, शिंगटे या माशांचं ते माहेर. त्याच्या काठाला सरकारने सिमेंटचा घाट बांधला. मोजमापं घेतली भर उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना, त्यामुळे पावसाळ्यात अर्धा घाट पाण्याखाली जातो. वळणाच्या ज्या अंगाला नदी दरसाल गाळ आणून टाकते, नेमक्या त्याच अंगाला तो बांधला. पहिल्याच पावसात खालच्या पायऱ्या चिखलात गडप झाल्या. खणलेली माती आणि दगड लांब कोण नेणार, म्हणून डोहातच ढकलून दिले. वर लोखंडी कठडा, सौरदिवे, झाडं नसलेली झाडांची आळी, आणि व्यायामाची यंत्रं. दिवसभर भाताच्या खाचरात वाकलेल्या बायका संध्याकाळी त्या यंत्रांवर कंबर हलवायला येतील, असं कुणाला तरी वाटलं असणार. सध्या कठड्यावर गोधड्या वाळतात आणि यंत्रांना म्हशी अंग घासतात.

हे सगळं मी लिहिलं, आणि खिडकीतून लिहिलं. म्हणजे माझ्या त्या जुन्या आवाजात, समोरच्याची गाडी सुटली तरी मला त्याचं काही नाही अशा थाटात. प्रकरण झणझणीत उतरलं. नाव कुणाचंच घातलं नाही. पण तो घाट गावात यावा म्हणून कचेरीचे उंबरे झिजवले होते माझ्या भावाने. तेव्हा तो ग्रामपंचायतीवर होता. मी समजून चालले होते की कोनशिलेवर नाव लागावं म्हणून ही धावपळ. नाव लागलंही, सगळ्या मोठ्या नावांच्या खाली, बारीक अक्षरात. लिहिताना मला त्या बारीक अक्षरांचा रागच आला होता.

भावाने पुस्तक वाचलं नव्हतं. बहिणीने पुस्तक लिहिलं एवढ्यावरच तो खूश होता. भात कापणीला आलेलं असताना त्याने माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाचा कार्यक्रम ठरवून टाकला. मांडव सांगितला, खुर्च्या सांगितल्या, तळेगावचे एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे म्हणून ठरवले. जागा कुठली, तर घाट. फोनवर म्हणाला, बांधल्यापासून त्याच्यावर एक कार्यक्रम झालेला नाही, तुझ्या पुस्तकाने सुरुवात होईल. मी फोन ठेवला.

परक्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगावं, म्हणून एक प्रत पिशवीत घातली आणि गावी गेले. दसऱ्यानंतरचे ते दिवस आमच्या दोघांचे ठरलेले असतात. श्रावण संपलेला, नवरात्र उठलेलं, नदीचं गढूळ पाणी निवळायला लागलेलं. पावसात ओढ्यांतून वर खाचरांकडे गेलेले मासे पाणी ओसरलं की खाली नदीला परततात. त्या उतरणीच्या माशांवर आम्ही लहानपणापासून गळ टाकत आलो आहोत. भावाने गांडुळं काढून ठेवली होती, आणि बुडीसाठी, म्हणजे मासा लागला की बुडणाऱ्या तरंगत्या खुणेसाठी, जुन्या चपलेचे तुकडे कापून दोरीला बांधले होते.

बसायला आता घाटाशिवाय जागा नाही. वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसलो. खाली गाळ, गाळापलीकडे पाणी. समोर पिवळं झालेलं भात, वाऱ्याबरोबर त्याचा वास येत होता. मी गळ टाकला आणि लगेच बोलून टाकलं, कारण मला तोंडात धरून ठेवता येत नाही. म्हटलं, पुस्तकात घाटावर एक प्रकरण आहे, आणि ते काही कौतुकाचं नाही.

त्याने बुडीवरची नजर काढली नाही. विचारलं, "माजं नाव हाय त्यात?"

मी म्हटलं, कुणाचंच नाही. त्याने मान हलवली आणि तेवढ्यात त्याच्या गळाला काहीतरी लागलं. चिलापी होती. डोह बुजल्यापासून बहुतेक तीच लागते. उन्हं कलेपर्यंत आम्ही बसलो. तो माझ्याशी नेहमीसारखंच बोलला, भाताबद्दल, कार्ल्याजवळ हायवेला नवीन झालेल्या हॉटेलाबद्दल, कापणीला माणसं मिळत नाहीत त्याबद्दल. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. रागावला असता तर मला रागाला उत्तर देता येतं.

उठायच्या वेळी वाटे घालायचे. आमच्याकडे नदीवरच वाटे होतात, मासे वाटल्याशिवाय घरी नेत नाहीत. एकाने सारखे ढीग करायचे, दुसऱ्याने पाठ फिरवून उभं राहायचं. ढीग करणारा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा न बघता नाव सांगतो. मग कुणाला लहान-मोठं आलं तरी तक्रार नाही. आणि घरातलं जे माणूस म्हातारपणाने नदीवर येऊ शकत नाही, त्याचाही एक वाटा निघतो.

मी दोन ढीग केले. भाऊ पाठ फिरवून उभा राहिला. पहिल्या ढिगावर बोट ठेवून मी विचारलं, "हा कुणाचा?"

"आईचा," तो म्हणाला.

आईला जाऊन तीन पावसाळे झाले होते. चूक त्याच्या लगेच लक्षात आली असणार, पण तो वळला नाही. तसाच नदीकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून उभा राहिला आणि बोलायला लागला.

आई शेवटपर्यंत लुगडं नळावर धुवायला तयार नव्हती, एवढं मला माहीत होतं. नळाच्या पाण्यात लुगडं मरतं म्हणायची. तिचे गुडघे गेले, काठाची उतरण निसरडी, तेव्हा भाऊ तिला पाठुंगळी घेऊन पाण्यापर्यंत न्यायचा आणि परत वर आणायचा. हे मला माहीत नव्हतं. मी महिन्यातून एकदा यायची ती दुपारची, तोवर लुगडं वाळलेलं असायचं. एका सकाळी दोघं त्या चिखलात पडली. आईला लागलं नाही, पण त्यानंतर ती नदीवर जायचं नाव काढेना. आणि भावाला ते बघवेना.

"म्हनून मी कचेरीत गेलतो," तो म्हणाला. "चार पायऱ्या मागितल्या. सायेब म्हनले, चार पायऱ्या कुठल्याच योजनंत बसत न्हाईत. घाट बसतो. घाट मागा. मग मी घाट मागितला."

घाट मागितल्यावर सर्वेक्षण झालं, आराखडा झाला, मंजुरी झाली, निविदा झाल्या. माणसं येऊन फोटो काढून गेली. ठेकेदाराला भाऊ सांगत होता की वळणाच्या जरा वरच्या अंगाला बांधा, हितं गाळ साचतो. ठेकेदार म्हणाला, कागदावर जागा हीच आहे. कामाचा नारळ फुटला तेव्हा आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. हे सगळं त्याने कुणावरही आवाज न चढवता सांगितलं. मी मात्र तिथल्या तिथे कचेरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग मला पुस्तक आठवलं. म्हटलं, ते प्रकरण मी काढून टाकते. पुस्तक माझं, छापणारी मी, मला कोण विचारणार आहे. तो वळला. आधी सगळे मासे एकाच पिशवीत भरले, मग पुस्तक मागून घेतलं आणि आम्ही घरी गेलो.

लोणावळ्याला परतल्यावर एका प्रतीतली ती पानं ब्लेडने कापून बघितली. पुस्तकाची पाठ सुटली आणि पुढची-मागची पानंही हातात आली. मग मला शुद्धिपत्र सुचलं. पुस्तकात चुका राहिल्या की एक चिठ्ठी चिकटवतात, तशी. छापखानेवाल्याकडून छोट्या चिठ्ठ्या छापून आणल्या. त्यावर एवढंच होतं की ज्याने हा घाट मागितला त्याने मुळात चार पायऱ्या मागितल्या होत्या, म्हाताऱ्या आईला नदीत उतरता यावं म्हणून. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. लिहिणाऱ्यांना असं फार लवकर वाटतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या आणि गठ्ठे घेऊन गावी गेले. भाऊ ओसरीवर विळे परजत होता. प्रकरण वाचलं का, असं विचारायचा मला धीर होईना. चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली.

"हे नगं चिकटवू, ताई," तो म्हणाला. "आई जन्मात कुनाच्या दारात मागाया गेली न्हाई. तिला आता लोकांपुढं कशाला उबी करतीस? मागितलं मी."

मी म्हटलं, मग लोक तुला हसतील.

"हसू देत. तू लिवलंस त्यात खोटं काय हाय? घाट वायाच गेलाय." एवढं बोलून तो पुन्हा विळ्याकडे वळला. मी चिठ्ठ्या परत पिशवीत टाकल्या. पाहुण्यांना तेवढा फोन केला आणि विनंती केली की माशांवरच्या प्रकरणांबद्दल बोला, घाटाचं राहू द्या. ते म्हणाले, अगदी निश्चिंत राहा.

दुसऱ्या दिवशी घाटावर मांडव पडला. वरच्या सपाटीवर खुर्च्या मांडल्या होत्या. गाव चांगलं जमलं, बायका कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. भाऊ नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला. नारळ, शाल, फोटो, सगळं रीतसर झालं. प्राध्यापक बोलायला उठले. माशांबद्दल दोन शब्द बोलले, आणि मग म्हणाले की लेखिकेने मला मनाई केली आहे, पण पुस्तकातलं सगळ्यांत उत्तम प्रकरण वाचल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांनी खूण घातलेलं पान उघडलं. माणूस वाईट नव्हता, वाचायचाही छान. व्यायामाच्या यंत्रांवर हशा झाला, म्हशींवर त्याहून मोठा झाला. मग त्यांनी आवाज जरा खाली आणला, आणि प्रकरणाचं शेवटचं वाक्य वाचलं.

"ज्याने हा घाट मागितला, त्या गृहस्थाने उभ्या जन्मात या नदीत पाय बुडवला नसावा."

गाव खळखळून हसलं. कोणी मागितला ते गावाला ठाऊकच होतं, माना पहिल्या रांगेकडे वळल्या. भाऊ सगळ्यांच्या आधी हसला होता आणि सगळ्यांनंतरही हसत होता, हात गुडघ्यांवर घट्ट दाबून. ते वाक्य जमलं तेव्हा मी लोणावळ्याच्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले होते.