हिरव्या दोऱ्याच्या गाठी

तारांच्या बाबतीत मी तिरसट आहे. गुंता दिसला की माझं डोकं फिरतं, आणि मालवणकडच्या त्या कॉलेजात भिंतीवर गुंत्याशिवाय काही नव्हतंच. भिंत पश्चिमेची, पावसाळाभर ओल धरणारी. तिच्यावर ठोकलेली नेटवर्कची पेटी इतकी गंजली होती की झाकण बिजागरीसकट हातात आलं. ती पेटी काढायची, आतली सगळी जोडणी कॉम्प्युटर लॅबशेजारच्या त्या खोलीच्या मध्ये उभ्या केलेल्या नव्या रॅकमध्ये बसवायची, एवढं माझं काम. त्यासाठी कुडाळहून सकाळच्या एसटीने आले होते. दुसऱ्या दिवशी मुलांची ऑनलाइन परीक्षा होती आणि त्याच संध्याकाळी पाचला परीक्षेचे लोक लॅब तपासायला येणार होते.

मदतीला लॅबचे शिपाई होते. पन्नाशी उलटलेले, घर मासेमारीचं, बोटं जाडजूड. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्या कागदावर व्हायची आणि या वर्षीचा कागद प्राचार्यांकडे अजून सहीविना पडून होता. हे त्यांनीच मला चहा देता देता सांगितलं. काळजी लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

पेटीतल्या प्रत्येक तारेला जाळं विणायच्या दोऱ्याचा एकेक तुकडा बांधलेला होता. काही हिरवे, काही निळे, आणि त्यांना गाठीच गाठी. मला हसू आलं. तेवढ्यात प्राचार्यांनी शिपायांना बाजारात झेरॉक्स काढायला पाठवलं. निघताना ते म्हणाले, "बाय, माका इचारल्याबिगर त्या दोऱ्यांक हात लावू नको हां."

"बरं काका," मी म्हटलं, आणि ते फाटकाबाहेर पडले तशी कात्री काढली. बारा वर्षं हे काम करतेय, आता शिपाई मला शिकवणार का? पेटीवर छापलेल्या आकड्यांचा फोटो मी आधीच काढून ठेवला होता. मला तेवढा पुरे वाटला.

तो पुरला नाही. ते आकडे पेटी बसवली तेव्हाचे. त्यानंतर उंदरांनी तारा कुरतडल्या, शिपायांनी नव्या ओढल्या, टेबलं इकडची तिकडे झाली. कुठली तार कुठे जाते हे फक्त त्या दोऱ्यांवर होतं. हिरवा लॅबचा, निळा ऑफिसचा, आणि गाठी म्हणजे टेबलाचा नंबर. बारीक गाठ म्हणजे एक, मोठी गाठ म्हणजे पाच. हे मला नंतर कळलं. परीक्षेची लॅब ऑफिसपासून वेगळी ठेवावी लागते, आणि मी दोन्हींची खिचडी करून ठेवली होती. रॅक मात्र दिसायला देखणा झाला होता, विंचरून वेणी घातल्यासारखा. सुरू केला तर निम्मी लॅब बंद.

चार वाजता प्राचार्य आले. शिपाई नुकतेच परतले होते, झेरॉक्सचा गठ्ठा अजून हातातच होता. प्राचार्यांनी लॅबमधल्या कॉम्प्युटरचे बंद पडदे पाहिले, इकडे फरशीवरचा दोऱ्यांचा ढीग पाहिला आणि शिपायांवरच घसरले.

"किती वेळा सांगितलं तुम्हाला, हे होडीवरचे उद्योग इथे नकोत म्हणून. आता या बाईंनी काय करायचं? या वर्षीच्या नेमणुकीचा मला विचारच करावा लागेल."

शिपायांनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "होय सर," एवढंच म्हणाले. मी आधीच आवळलेला एक स्क्रू पुन्हा आवळत बसले.

प्राचार्य गेल्यावरही शिपायांनी मला काही विचारलं नाही. "मी लॅबात जातंय," म्हणाले, "तू हयसून टेस्टर लाव." मग पलीकडून ते एकेक टेबल सांगत गेले आणि अलीकडे मी तारा हुडकत गेले. कुठली तार खिडकीखालून येते, कुठली कपाटामागून, सगळं त्यांना पाठ होतं. पाचला दहा कमी असताना शेवटचा पडदा उजळला. परीक्षेचे लोक आले, पाहिलं, समाधानाने गेले.

मग मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. दोरे मी कापले, आणि शिपायांनी बजावूनही कापले, असं सांगून टाकलं.  प्राचार्यांनी खणातून नेमणुकीचा तो कागद काढून सही केली आणि म्हणाले, "तुम्हीच नेऊन द्या."

कॉरिडॉरमधून जाताना मला फार हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता, की बघा, मी खरं बोलले.

शिपायांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "सरांक सांगलंस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"बरा केलंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "गाठी कापलंस तेचा काय नाय गो. पण सर माका बोलत होते, तेवा तू थंयच उबी होतंस."

होते. हातभर अंतरावर, रॅककडे तोंड करून.