खांबासमोरचा दगड

गावात सांगतात, धाकट्या भावाने महागावात कापसातली सरकी काढायची जिनिंग उभारली, माझी शेती तशीच राहिली, आणि त्या जळफळाटात मी देवळात जाऊन बसलो. हे साफ खोटे आहे. तो महागावला जाण्याच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळच्या प्रार्थनेला मी मारुतीच्या देवळात, डावीकडच्या खांबाजवळच बसत आलो आहे. गेल्या वर्षी त्याने देवळाला फरशी दिली आणि त्याच्या नावाचा दगड नेमका माझ्या जागेसमोर बसला. मी जागा सोडली नाही. मात्र डोळे मिटले तरी ती काळी अक्षरे दिसत.

"काहून आबाजी, दगड टोचून राह्यला का?" शेजारी एकदा म्हणाला.

"मले नाही टोचत. तू आपलं भजन पाहा."

परवा प्रार्थना संपल्यावर ध्यानात आले, की आज तो दगड मला दिसलाच नव्हता. त्या प्रार्थनेच्या बदल्यात घ्यावे असे भावाच्या जिनिंगमध्ये काहीही नव्हते. पंगतीतून तृप्त होऊन उठावे, तसा मी उठलो. पण पायरीवर येताच हे शेजाऱ्याला ठणकावून सांगण्याची घाई झाली, म्हणून मी परत आत जाऊन खांबाजवळ डोळे मिटून बसलो.